चोवीस इंची की अठ्ठावीस?

बफेलोत घर विकत घेताना मराठी माणूस शाळा बघतो, तळघरात ओल येते का ते बघतो, देव्हाऱ्यासाठी पूर्वेची भिंत बघतो. ड्राइव्हवे किती लांब आहे हे मात्र तो बघत नाही. घर बहुधा जूनमध्ये बघितलेलं असतं. दोन्ही बाजूंना हिरवळ असते आणि एजंटबाई ‘चार गाड्या आरामात उभ्या राहतील’ असं कौतुकानं सांगत असतात. त्या चार गाड्यांच्या जागेवरचा बर्फ कोण काढणार, हा प्रश्न जूनमध्ये कुणालाच सुचत नाही. तो नोव्हेंबरात सुचतो आणि उत्तर आरशात दिसतं.

बफेलो ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. नोव्हेंबरात सरोवराचं पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं. त्यावरून थंड वारा लांबच्या लांब वाहत येतो, वाटेत वाफ उचलतो आणि किनारा लागला की सगळा माल एकदम उतरवतो. सगळ्यांना सारखा वाटा मिळावा, असा काही नियम नाही, कारण ढगांचा पट्टा अरुंद असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या उपनगरांत काही ठिकाणी सात फूट बर्फ पडला, तेव्हा उत्तरेकडच्या लोकांच्या वाट्याला जेमतेम काही इंच आले. २०२२ च्या नोव्हेंबरात ऑर्चर्ड पार्कमध्ये ऐंशी इंचांच्या आसपास पडला. अशा सकाळी मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्चर्ड पार्कची मंडळी दार उघडत नसल्याचे फोटो टाकतात आणि उत्तरेला ॲमहर्स्टची मंडळी ‘पोहे झालेत, येताय का?’ असं विचारतात.

बफेलोत वर्षाला सरासरी आठ फुटांच्या आसपास बर्फ पडतो. सिरॅक्यूजमध्ये त्याहून जास्त. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागातल्या शहरांत ‘गोल्डन स्नोबॉल’ नावाची चुरस असते आणि ज्याच्याकडे बर्फ जास्त तो जिंकतो. बहुतेक वेळा सिरॅक्यूजच जिंकतं. बफेलोच्या लोकांना याचं वाईट वाटतं. तिथं दहा वर्षं काढलेल्या सोलापूरच्या माणसालाही वाटतं, तेव्हा तो पक्का बफेलोकर झाला असं समजावं.

पहिल्या हिवाळ्यात सगळेच फावड्याचे पुरस्कर्ते असतात. ‘तेवढाच व्यायाम’, ‘जिमचे पैसे वाचतात’, ‘आपल्याला कशाला हवीत ही यंत्रं’ वगैरे. यांच्यासाठी थोडी आकडेमोड. ड्राइव्हवे वीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब. त्यावर एक फूट बर्फ, म्हणजे हजार घनफूट. ताज्या, कोरड्या बर्फाचं वजन पाण्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं धरलं, तरी हा ऐवज २८०० किलोंच्या आसपास भरतो. बर्फ ओला असेल तर दुप्पट, तिप्पट. हे सगळं सकाळी साडेसहाला, उपाशीपोटी, शून्याखाली. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असताना असा भार उचलणं हृदयाला झेपतंच असं नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन दर हिवाळ्यात बजावत असते. व्यायाम म्हणून सूर्यनमस्कार जास्त सुरक्षित आहेत आणि ते घरात घालता येतात.

फावड्याकडून स्नोब्लोअरकडे, म्हणजे बर्फ उडवणाऱ्या मशीनकडे, जाताना वाटेत सहकाराचा टप्पा लागतो. साखर कारखाने, पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्था पाहिलेल्या माणसाला वाटतं, तीन घरांत मिळून एकच मशीन घेऊ. खर्च तिघांत. मशीन पाटलांच्या गॅरेजमध्ये, पेट्रोल कुलकर्ण्यांकडे, देखभाल नायरांकडे, कारण नायर मेकॅनिकल इंजिनिअर. कागदावर योजना निर्दोष असते. अडचण एवढीच की बर्फ तिन्ही घरी एकाच वेळी पडतो आणि तिघांनाही आठ वाजताच ऑफिस गाठायचं असतं. पहिल्या वादळानंतर ज्याच्या गॅरेजमध्ये मशीन असतं तो चेअरमन होतो आणि उरलेले दोघे विरोधी गटात जातात. वसंत ऋतूपर्यंत संस्था अवसायनात निघते.

मग माणूस एकटा दुकानात जातो आणि तिथं त्याला ‘स्टेज’ भेटते. सिंगल-स्टेज मशीनमध्ये एकच आडवा ऑगर, म्हणजे फिरतं पातं, असतो. तोच बर्फ ओढतो, तोच फेकतो. त्याच्या रबरी कडा थेट जमिनीला घासतात, म्हणून खालचं डांबर लख्ख निघतं. ड्राइव्हवे खडीचा असेल तर मात्र बर्फाबरोबर खडीही उडते आणि ती कुठं गेली हे शेजाऱ्यांच्या काचेवरून कळतं. टू-स्टेजमध्ये पुढचा दातेरी लोखंडी ऑगर बर्फ फोडून आत ओढतो आणि मागचा इम्पेलर, म्हणजे पंखा, तो नळकांड्यातून तीस-चाळीस फूट लांब भिरकावतो. ऑगर जमिनीपासून जरा वर असतो, त्यामुळे खडी सहसा जागेवर राहते. चाकं इंजिनच फिरवतं, आपण नुसतं मागं चालायचं. थ्री-स्टेजमध्ये मध्ये आणखी एक वेगानं फिरणारा तुकडा बर्फ कुटून पंख्याकडे ढकलतो. दोनापेक्षा तीन जास्त असल्यानं मराठी माणसाचं मन थ्री-स्टेजवर जातं आणि किमतीची चिठ्ठी वाचून परत दोनावर येतं.

फिरत्या पात्यांनी बर्फ काढायची कल्पना तशी जुनी. टोरांटोच्या जे. डब्ल्यू. एलियट नावाच्या दंतवैद्यानं १८६९ मध्ये रेल्वेरुळांवरचा बर्फ काढणाऱ्या चक्राचं पेटंट घेतलं होतं. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलेला असताना डॉक्टर नेमका कसला विचार करत असतात, हे यावरून थोडं कळतं. पुढं क्यूबेकच्या आर्थर सिकार यांनी मळणी यंत्राच्या धर्तीवर १९२५ मध्ये रस्त्यावर चालणारा स्नोब्लोअर बनवला. दोन वर्षांनी मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमाँ गावानं तो विकत घेतला. १९५० नंतर मागून चालत ढकलायची घरगुती मशीन आली. विस्कॉन्सिनमधल्या ब्रिलियन गावची एरियन्स कंपनी आधी शेतातली माती भुसभुशीत करायची यंत्रं बनवत असे, ती १९६० मध्ये या धंद्यात उतरली. एरियन्स नारिंगी, टोरो लाल, कब कॅडेट पिवळं. इथल्या मराठी मंडळात प्रत्येक रंगाचा एक गट आहे. नारिंगीवाले आपल्या मशीनला भगवं म्हणतात आणि त्यापुढं चर्चा करत नाहीत.

इथं प्लाऊवाल्याचा प्रवेश होतो.

रस्ता मोकळा करायला टाउनचा ट्रक येतो. त्याच्या पुढ्यात तिरकं पातं असतं आणि ते रस्त्यावरचा बर्फ उजवीकडे सारत जातं. उजवीकडे आपला ड्राइव्हवे असतो. हा बर्फ आकाशातून पडतो तसला भुरभुरीत नसतो. तो मीठ घातलेला, टायरांनी तुडवलेला, अर्धा वितळून पुन्हा गोठलेला असतो. त्याचा दोन-तीन फुटांचा बांध आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी घालून ट्रक पुढच्या घराकडे जातो. आपण ड्राइव्हवे साफ केला, हातमोजे काढले, चहाचं आधण ठेवलं की तो येतो. त्याआधी येत नाही. माणूस वाईट नसतो. आपल्याकडे बघून हात हलवतो.

हिवाळ्यात मुलाकडे आलेले नाशिकचे आजोबा हे सगळं खिडकीतून बघत असतात.

“तुम्ही इथं टॅक्स भरता ना रे?”

“भरतो, बाबा.”

“मग टाउनवाले तुमच्या दारात बर्फ का आणून टाकतात?”

“रस्ता मोकळा करतात, बाबा.”

“रस्ता झाला मोकळा. पण तुम्ही रस्त्यावर जाणार कसे?”

मुलगा पुन्हा हातमोजे चढवतो. आजोबा म्हणतात, “आमच्याकडे पाऊस पडतो, पण तो आपला आपण वाहून जातो. नदीपर्यंत सोडायला जावं लागत नाही.”

जाहिरातीत स्नोब्लोअर नेहमी ताज्या, पांढऱ्याशुभ्र बर्फावर चालवतात. एक हात दांड्यावर, दातांवर ऊन. तसल्या बर्फावर कुठलंही मशीन चालतं. तुमचं मशीन कसं आहे हे कळतं ते ड्राइव्हवेच्या तोंडाशी. तो राखाडी बांध फोडून जे फेकू शकतं ते मशीन दणकट. जे त्याच्यावर चढून तोंड वर करतं ते दिसायला छान. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे मासिक चाचणीसाठी ओला लाकडी भुसा वापरतं, कारण हवा तेव्हा हवा तसला बर्फ मिळत नाही. भुसा चिवट आणि जड असतो, त्यामुळे परीक्षा बऱ्यापैकी कडक होते. तरीही मंडळातला एखादा सभासद म्हणतोच, “भुशाचं ठीक आहे हो, त्यात मीठ कुठं असतं?”

आता मूळ वाद. तो रंगतो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. जानेवारीतला शनिवार, बाहेर वारा, वर बायका वाण लुटताहेत. बफेलोत वाण म्हणून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची खरवडणीही मिळते आणि ती हातोहात जाते. खाली तळघरात पुरुष इंच मोजत असतात. मशीनचं तोंड चोवीस इंची हवं की अठ्ठावीस?

अठ्ठावीसवाले म्हणतात, मोठं तोंड म्हणजे काम लवकर. हिशेब करू. वीस फूट म्हणजे २४० इंच. चोवीस इंची मशीनला दहा पट्टे लागतात. अठ्ठावीस इंचीला साडेआठच्या थोडे वर, पण अर्धा पट्टा मारता येत नाही, म्हणून नऊ. फरक एका पट्ट्याचा. त्यासाठी काहीशे डॉलर जास्त आणि गॅरेजमध्ये सायकली, ख्रिसमसचं झाड, गणपतीचं मखर यांच्यातून आणखी चार इंच जागा काढायची. इंजिन दोन्हींना तेच असेल तर अठ्ठावीस इंचीला प्रत्येक इंचामागं ताकद कमी मिळते आणि नेमकं बांधाशी ते दमतं. साध्या दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेला दमदार इंजिनाचं चोवीस इंची पुरतं. ड्राइव्हवे लांब असेल, तीन गाड्यांचा असेल किंवा उतारावर असेल तर अठ्ठावीस, पण मग इंजिनही त्या मापाचं. हा हिशेब तळघरात मांडला की थोडा वेळ शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, “पण रीसेल अठ्ठावीसला जास्त,” आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

इंजिनाची मापं पूर्वी हॉर्सपॉवरमध्ये सांगत. लॉन कापायच्या मशीनचे घोडे फुगवून सांगितले जातात म्हणून अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. तेव्हापासून खोक्यांवरचे घोडे दिसेनासे झाले आणि सीसी आणि टॉर्क आले. चोवीस इंचीला २०० ते २५० सीसी, अठ्ठावीस इंचीला २५० ते ३०० सीसी हे मानवेल असं माप. सीसीची भाषा मराठी माणसाला येते, पण तिथंच तो अडतो. शंभर सीसीच्या मोटारसायकलवर बायको, दोन मुलं आणि भरलेला सिलिंडर नेलेल्या माणसाला बर्फ ढकलायला अडीचशे सीसी कशाला लागतात, हे पटत नाही. त्याचं म्हणणं, गिअर नीट टाकला तर सगळं जमतं.

ताकद खोक्यावर छापता येते. टिकाऊपणा छापत नाहीत, तो वाकून बघावा लागतो. ऑगरचा गिअरबॉक्स बिडाचा आहे की ॲल्युमिनियमचा? नळकांडं पोलादी की प्लॅस्टिकचं? ऑगरच्या दांड्यात ग्रीस भरायला जागा आहे का? खाली दोन्ही बाजूंना जे लोखंडी जोडे असतात, ते झिजल्यावर उलटे लावता येतात का? बर्फ खरवडणारी पट्टी बदलता येते का? चांगलं अठ्ठावीस इंची मशीन शंभर किलोंच्या पुढं भरतं, आणि ते वजनच त्याला बांधावर चढू देत नाही. अशा मशीनला दांड्यावरच्या कळींनी वळता येणं ही चैन नसून गरज आहे. तापणारे दांडे मात्र चैन आहेत. पण पहाटे उणे पंधराला ज्याचे हात त्यांवर पडले, तो त्यांना चैन म्हणत नाही. आणि विकत घेण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: दुरुस्ती कोण करतं? जवळ डीलर असेल, सुटे भाग त्याच्याकडे मिळत असतील, तर मशीन निम्मं टिकाऊ तिथंच झालं. वादळाच्या मध्यात पट्टा तुटल्यावर कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसण्यात कुठलाच आनंद नाही, ते कितीही गोड असलं तरी.

एका गोष्टीबद्दल मात्र विनोद नाही, ती म्हणजे शिअर पिन. ऑगर दांड्याला या पिनांनी धरलेला असतो. वादळात बर्फाखाली काय काय असतं हे आपल्याला दिसत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं रविवारचं जाडजूड वर्तमानपत्र, मुलांची स्लेज, दिवाळीत लावलेली आणि काढायची राहिलेली लायटिंग. असं काही ऑगरमध्ये अडकलं की ही स्वस्त पिन आपणहून तुटते आणि महाग गिअरबॉक्स वाचतो. काही हुशार लोक तुटलेल्या पिनच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला जाड बोल्ट घालतात. गावाकडे फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारा वायरमन आठवा. फ्यूज उडत नाही, हे खरं. पुढच्या वेळी घर उडतं. मशीनबरोबरच त्याच्या मापाच्या सहा-आठ पिना घ्या आणि पिशवीत घालून हाताच्या दांड्याला बांधून ठेवा.

नळकांड्यात ओला बर्फ अडकला की हात घालायचा मोह होतो. घालू नका. इंजिन बंद केलं तरी पंख्यावर ताण राहिलेला असतो आणि अडथळा निघताच तो एक झटका देऊन फिरतो. मशीनबरोबर प्लॅस्टिकची एक काठी येते, ती याचसाठी. आणि बंद गॅरेजमध्ये मशीन चालू करून ‘गरम होऊ दे’ म्हणणाऱ्यानं कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, एवढं लक्षात ठेवावं.

मशीन बिघडतं बहुतेक वेळा पेट्रोलनं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एप्रिलमध्ये बर्फ संपल्याच्या आनंदात मशीन तसंच कोपऱ्यात लोटलं की ते पेट्रोल उन्हाळाभर कार्बोरेटरमध्ये चिकट होत बसतं. नोव्हेंबरात दोरी ओढून ओढून खांदा निखळतो, मशीन गप्प. तेव्हा ‘हल्ली पूर्वीसारखी मशीन बनवत नाहीत’ असं म्हणायची पद्धत आहे. शेजारी सत्तरीचा एक गोरा आजोबा असतो, त्याचं चाळीस वर्षांपूर्वीचं मशीन पहिल्या झटक्यात सुरू होतं. त्याचं रहस्य विचारलं तर तो म्हणतो, पेट्रोल काढून ठेवतो. एवढंच. त्यापुढं एक शब्द बोलत नाही. त्याला चकल्या द्याव्यात. पुढच्या वादळात तुमचा फुटपाथ तुम्ही उठायच्या आत साफ झालेला असतो.

हे सगळं नको असेल तर बॅटरीवरची मशीन आहेत. आवाज कमी, धूर नाही, पेट्रोल नाही, पहाटे पाचला शेजाऱ्यांचे शाप नाहीत. लहान ड्राइव्हवे आणि बेताचा बर्फ असेल तर जरूर घ्या. पण थंडीत बॅटरीचा दम कमी होतो, म्हणून ती घरात ठेवावी लागते. आणि पाच फुटी वादळात बांध अर्धा फुटल्यावर ती संपली, तर चार्ज होईपर्यंत आजोबांच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

तेव्हा निकाल असा. सरोवराच्या बर्फपट्ट्यात राहत असाल तर टू-स्टेज घ्या. साध्या ड्राइव्हवेला चोवीस इंची, अडीचशे सीसीच्या आसपास, बिडाचा गिअरबॉक्स, पोलादी नळकांडं, जवळचा डीलर. खरेदी गणपती ते दिवाळीच्या दरम्यान उरका. वादळाच्या आदल्या दिवशी दुकानात फक्त लहान मुलांची फावडी उरतात. बर्फ वाऱ्याच्या दिशेनं फेका, उलटा फेकलात तर तो तुम्हालाच परत मिळतो. एप्रिलमध्ये पेट्रोल काढून ठेवा. आणि मशीन चालूच आहे, तर रस्त्याकडेचा आगीचा बंब जोडायचा नळ आणि पलीकडच्या एकट्या राहणाऱ्या आजींचा फुटपाथ तेवढा मोकळा करून टाका. दोन पट्टे जास्त पडतील, अठ्ठावीस इंची घेतलं असेल तरीही दोनच.